छत्रीला काय माहीत?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सहली आणि स्नेहसंमेलनांच्या आठवणी भरपूर येतील. मी दिवाळी अंकांत कथा लिहितो, त्यामुळे मला मराठीच्या तासाबद्दलच लिहायचंय.

नववीत आत्मवृत्ताचा निबंध ठरलेला. फाटक्या पुस्तकाचं, पडक्या किल्ल्याचं, जुन्या छत्रीचं. ‘मित्रांनो, ओळखलंत का मला?’ ही सुरुवात सगळ्यांनी गाईडातूनच उचललेली. एकदा वह्या परत देताना सर म्हणाले, “निम्म्या वर्गाच्या छत्रीनं होळी बघितलीय. होळीला छत्री असते कुठे? माळ्यावर! मग तिला हे सांगितलं कोणी?” पुढच्या आठवड्यात त्यांनी एकच प्रसंग तिघांच्या तोंडून लिहायला लावला: मधल्या सुट्टीत फुटलेली काच. चेंडू मारणारा मुलगा, शिपाईकाका आणि मुख्याध्यापक. ज्याला जे दिसलं नाही, ते त्यानं लिहायचं नाही, एवढीच अट. मुख्याध्यापकांना नुसता आवाज ऐकू आलेला, म्हणून तो भाग सगळ्यात अवघड गेला. आणि सगळ्यात चांगलाही तोच उतरला.

‘मृत्युंजय’ (१९६७) आम्हाला कळली ती या अटीमुळे. शिवाजी सावंतांनी ती कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्याकडून सांगितलीय. खरं तर सगळे एकाच भरजरी भाषेत बोलतात. डोळे मिटून उतारा ऐकला तर कोण बोलतंय हे चटकन कळू नये! तरी कादंबरी धरून ठेवते, कारण प्रत्येकाला माहीत असलेलं वेगळं आहे. कुंतीला जन्माचं गुपित पहिल्यापासून ठाऊक, कर्णाला ते युद्ध तोंडाशी आल्यावर कळतं. मधली सगळी वर्षं वाचक ते ओझं एकटाच वाहतो. आणि शेवट कृष्णाकडे, कारण स्वतःचं मरण कर्ण कसा सांगणार?

निवेदक वाढवले की कथा आपोआप खोल होते, असं हल्ली नवे लेखक धरून चालतात. मला पटत नाही. दुसऱ्या माणसाला पहिल्यापेक्षा काही वेगळं ठाऊक नसेल, किंवा लपवायचं नसेल, तर तीच गोष्ट दोनदा वाचावी लागते. मी आधी कागदावर मांडतो: कुणाला काय, कधी कळलं. नावांपुढे सारखंच काही आलं की एकाला काढून टाकतो.

अकुतागावाची १९२२ची एक जपानी कथा मी सरांना नंतर नेऊन दिली. जंगलात एका सामुराईचा खून होतो. सात जबान्या, आणि त्यांत दरोडेखोर म्हणतो मी मारलं, बायको म्हणते मी मारलं. शेवटी मेलेला नवराच एका बाईच्या अंगात येऊन सांगतो की मी स्वतःच जीव दिला. सरांनी वाचून विचारलं, “मेलेला कशाला खोटं बोलेल?” मी म्हटलं, अब्रूसाठी. त्यांना ते मुळीच पटलं नाही. निवृत्तीनंतरही भेटले की हा वाद ते पुन्हा काढतात.