डोंबिवली ते बिंदू चौक

वीस वर्षं डोंबिवली-सीएसएमटी फास्ट लोकल केली. चढताना सॅक पाठीवरून पोटावर घ्यायची, हे आता अंगवळणीच पडलंय. आज कोल्हापुरात महाद्वार रोडवर रिक्षावाल्याला म्हटलं, बिंदू चौक. तो हसलाच. "चालत जावा की, हितंच हाय. कशाला पैसं घालवताय?"

मुंबईत रिक्षावाल्यांचे नकार पुष्कळ पचवलेत, पण हा असला पहिलाच!

गेलो चालत. रस्ता दहा मिनिटांचा. वाटेत एकानं "कुणाकडं आलायसा?" विचारलं, दुसऱ्यानं सरळ चहाच पाजला. पोचलो पाऊण तासानं. तेवढ्यात बायकोचा फोन, "ट्रॅफिक लागलं का?"

आता हिला काय सांगू.

(सॅक अख्ख्या रस्ताभर पोटावरच होती. चहावाला दोनदा बघत होता.)