सहा महिन्यांच्या गोळ्या आणि उसाचा हंगाम

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात मी आशा म्हणून काम करते. दसरा-दिवाळी झाली की आमच्या वस्तीतल्या बऱ्याच घरांना कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला निघतात, पार कोल्हापूर-सांगलीपर्यंत. माझे आई-वडीलही जायचे, त्यामुळे लहानपणी मी कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, झोपलेय. एवढ्याशा जागेत पाच-सहा जण, खिडकी नाही. तिथं एकाला टीबी असला तर बाकीच्यांना लागायला वेळ लागत नाही.

गेल्या गणपतीत शेजारची वहिनी तीन आठवड्यांपासून खोकत होती. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की बेडका तपासायचा, हे मी तिला पोस्टर दाखवून समजावलं. ती म्हणाली, "पाचटाच्या धुराळ्यानं खोकला येतोच की, ताई. अन् मुकादमाला कळलं तर?"

टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली, पोरीच्या लग्नात खर्चही झालेली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक जण बसला की जोडी मोडते अन् उचल अंगावर येते. तिची खरी भीती ही होती. मग मी पोस्टर गुंडाळलं अन् हिशोबच मांडला: आज गोळ्या सुरू केल्या तर टोळी निघेपर्यंत महिना-दीड महिना होतो, अंगात ताकद येते, दुसऱ्याला लागण्याचा धोकाही बराच कमी होतो. नाही केल्या तर फडातच पडशील. ती तयार झाली.

पहिल्या डबीत तिनं नुसती थुंकी आणली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्या अंगणात जाऊन उभी राहिले. आधी चूळ भर, खोल श्वास घे, छातीतून खोक, असं करून दाखवलं. तो नमुना सीबीनॅटवर, म्हणजे टीबी तपासायच्या यंत्रावर, गेला अन् टीबी निघाला, पण रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देणारा. वजन ४२ किलो, म्हणून रोज तीन गोळ्या, सहा महिने. दुसऱ्याच दिवशी तिचा नवरा धावत आला, "ताई, लघवीला रक्त पडतंय!" रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते, हे मी सांगायचं विसरले होते. एवढ्या एका गोष्टीवरून औषध सुटलं असतं. आता पहिली गोळी देतानाच सांगते.

निघताना महिनाभराच्या गोळ्या दिल्या. निक्षय नंबर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचा नंबर, कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून रेशनकार्डात ठेवायला लावला. हा नंबर देशभर चालतो. तरी कारखान्याजवळच्या एका दवाखान्यानं "गावाकडूनच औषध आणा" म्हणून तिला परत पाठवलं. गोळ्या चारच दिवसांच्या उरल्या होत्या. मला इतका संताप आला! आमच्या क्षयरोग पर्यवेक्षकांनी निक्षयवर तिची नोंद तिकडं वर्ग केली, चार फोन केले, तेव्हा कुठं तिसऱ्या दिवशी गोळ्या मिळाल्या. पोषणाचे महिन्याला १,००० रुपयांच्या हिशोबानं सरकारी पैसेही खात्यात येऊ लागले.

संक्रांतीनंतर तिचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा गोळ्या अडल्या.

"ताई, आमच्या टोळीतला एक जण रातभर खोकतोय. डबी इथं कुठं मिळंल? चूळ भरूनच बेडका काढायचा, हे मी सांगितलंय त्याला."