एंटर दाबला की जागा होणारा कोअर

बोर्ड फक्त रात्रीच रीसेट व्हायचा. दिवसभर चाचण्यांचा मारा केला तरी ठणठणीत; लॅब रिकामी झाली की वॉचडॉग, म्हणजे वेळेवर खूण मिळाली नाही तर बोर्ड रीसेट करणारा टायमर, त्याला पाडायचा. लॉगमध्ये पॅनिक (कर्नल कोसळल्याची नोंद) नाही, काहीच नाही. चार कोअरचा, म्हणजे चार गणन-गाभ्यांच्या प्रोसेसरचा आर्म बोर्ड, त्यावर लिनक्स. आठ दिवस आम्ही मेमरीवर संशय घेत होतो. जेटॅग, म्हणजे चिपच्या आत डोकावणारा डीबगर, लावला की त्रास गायब. "अगं, डीबगरला घाबरतो का हा?" शेजारचा सहकारी वैतागून म्हणाला.

नवव्या दिवशी मी सिरियल कन्सोलवर साधा लूप सोडला, दर सेकंदाला वेळ छापणारा, टास्कसेट या कमांडने कोअर 0 वर बांधलेला. 07, 08, 09. चाचणीतला व्यत्यय कमी करावा म्हणून नेटवर्कची केबल उपटली, आणि आकडे थांबले. मी हात मांडीवर ठेवून बघत राहिले. मग एंटर दाबला. लगेच पुढची ओळ आली: 31.

अंगावर काटा आला. बोर्ड मेला नव्हता, झोपला होता. त्याला उठवणारं कुणी उरलं नव्हतं. आधी नेटवर्कचे पॅकेट उठवत होते, आता माझ्या एंटरचा इंटरप्ट, म्हणजे कोअरला जागं करणारा इशारा.

एफट्रेस या कर्नलच्या नोंदवहीतून सीपीयू-आयडलच्या, म्हणजे कोअरच्या झोपेच्या, नोंदी काढल्या. कोअर स्टेट 1 मध्ये, म्हणजे खोल झोपेत, शिरलेला, आणि बाहेर पडल्याची खूण, 4294967295, तब्बल 22 सेकंदांनी. सिसएफएस या कर्नलच्या सेटिंगच्या फाइलींमधून चारही कोअरची ती स्टेट बंद केली, लूप सुरळीत.

या खोल झोपेत कोअरची वीजच तुटते, आणि त्याचा स्वतःचा टायमरही त्याच विजेवर. म्हणून झोपण्याआधी कर्नलने गजर दुसऱ्याकडे सोपवायचा असतो. पण टायमर बंद पडणार हे त्याला डिव्हाइस ट्रीमधून, म्हणजे बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमधून, सांगावं लागतं. आमच्या फाइलमध्ये लेटन्सी (झोपायला-उठायला लागणारा वेळ) होती, रेसिडेन्सी (किमान किती झोपावं) होती, पीएससीआयचा, म्हणजे फर्मवेअरला झोपेची विनंती करण्याचा, पॅरामीटर होता. 'लोकल-टायमर-स्टॉप' ही एक ओळ नव्हती. जुन्या बोर्डाच्या फाइलवरून उतरवताना गळली असावी. वॉचडॉगला वेळोवेळी खूण देणारा डीमन, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रामही, असाच टायमरच्या भरवशावर झोपायचा आणि उठायचाच नाही. जेटॅगचं कोडंही सुटलं: डीबगर जोडलेला असला की कोअरची वीज तुटतच नाही.

ओळ घातली, बूट केला, स्टेट चालूच ठेवली. केबल काढून घरी गेले. सकाळी 9 वाजता लॅबचं दार उघडलं, तर पडद्यावर सेकंद मोजणं चालूच होतं, एकही न चुकता.