पळपुटे तारे आणि त्यांचे मृत साथीदार

सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने आपल्या जन्मस्थानापासून दूर निघालेल्या अवजड ताऱ्यांना पळपुटे तारे म्हणतात. त्यांपैकी मला सर्वांत बोलके वाटतात ते एकटे धावणारे नव्हेत, तर मृत साथीदाराला, म्हणजे स्फोटून किंवा कोसळून गेलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याला, सोबत घेऊन धावणारे.

एकट्या ताऱ्याच्या नुसत्या वेगावरून त्याचा पूर्वेतिहास ठरत नाही. डच खगोलशास्त्रज्ञ ब्लाऊ यांनी १९६१ मध्ये मांडले, की जोडीतील एका ताऱ्याचा स्फोट झाला, की गोफणीतून सुटलेल्या दगडाप्रमाणे दुसरा आपल्या कक्षीय वेगाने निघून जातो. परंतु मृग नक्षत्राच्या परिसरातून विरुद्ध दिशांना सेकंदाला जवळजवळ १०० किलोमीटर वेगाने निघालेले एई ऑरिगी आणि म्यू कोलंबी हे तारे स्फोटाने नव्हे, तर सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी दोन जोड्यांच्या गुरुत्वीय झटापटीत फेकले गेले असावेत.

साथीदार टिकून असेल, तर मात्र संशयाला फारसा वाव उरत नाही. जोडीतील अधिक वस्तुमानाचा तारा आधी फुगतो आणि आपला बाह्य थर दुसऱ्याला देतो; त्यामुळे स्फोटाच्या वेळी तोच हलका झालेला असतो. एकूण वस्तुमानाच्या निम्म्याहून कमी द्रव्य बाहेर पडले आणि स्फोट सर्व दिशांना सारखा झाला, तर जोडी फुटत नाही, पण प्रतिक्रियेने सबंध जोडीच वेग घेते. (प्रत्यक्षात स्फोट अनेकदा एकांगी असतो, आणि त्या धक्क्याने पुष्कळ जोड्या मोडतात.) वेला एक्स-१ या जोडीत एक न्यूट्रॉन तारा (स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा) महाकाय निळ्या ताऱ्याभोवती सुमारे नऊ दिवसांत फिरतो आणि त्या निळ्या ताऱ्यातून सतत वाहणाऱ्या वायूतील द्रव्य ओढून क्ष-किरण फेकतो; ही जोडी वेगाने धावत असल्याने तिच्या पुढे वायू दाबला जाऊन झालेली धनुष्याकृती आघातलहर १९९७ मध्ये आढळली.

सिग्नस एक्स-१ ची गोष्ट वेगळी आहे. त्यातील कृष्णविवर सूर्याच्या सुमारे २१ पट वस्तुमानाचे असूनही जोडी आपल्यासोबत जन्मलेल्या ताऱ्यांच्या गटापासून फारशी हललेली नाही. म्हणजे ज्याचे कृष्णविवर झाले तो तारा बहुधा मोठ्या स्फोटाविनाच कोसळला असावा. मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या लहान दीर्घिकेतील, २०२२ मध्ये जाहीर झालेल्या व्हीएफटीएस २४३ या कृष्णविवर असलेल्या जोडीची जवळजवळ वर्तुळाकार कक्षाही त्याच निष्कर्षाकडे बोट दाखवते; मोठ्या स्फोटाने ती लांबट झाली असती.