गाठ निघाली, आता पोहे करून बघू

मंगळवार

मेंदूतली गाठ काढल्यावर एमआरआय स्वच्छ आला की इंदूरच्या मराठी घरांतून पेढे वाटले जातात, खजराना गणपतीला जाऊन येतात. मग हळूहळू तक्रार सुरू होते. ‘हे नुसते बसून असतात. उठा म्हटल्याशिवाय आंघोळीलासुद्धा उठत नाहीत. आळशी झालेत.’ हा शेवटचा शब्द फार जाचतो. कपाळामागचा मेंदूचा भाग दुखावला, विशेषतः मधल्या बाजूला, की काम येत असतं, करायचंही असतं, पण सुरुवात होत नाही. गाठीमुळे, ऑपरेशनमुळे किंवा शेक (रेडिएशन) दिल्यामुळेही हे होतं. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तो आळसच दिसतो.

ओपीडीतल्या दहा मिनिटांत हे सापडत नाही. आठवण, लक्ष वगैरे तपासणारी मोका नावाची ३० गुणांची छोटी चाचणी असते. २६ किंवा जास्त मिळाले की सहसा ठीक धरतात. शिकलेला माणूस त्यात २८ मिळवतो आणि घरी लाइटबिल भरताना अडकतो. कारण चाचणीत एका वेळी एकच प्रश्न असतो, शांत खोली असते आणि पुढे काय करायचं ते समोरचा सांगत असतो. घरात यातलं काहीच नसतं. शिवाय आपल्याकडे घरात मराठी आणि बाहेर हिंदी. शब्द आठवण्याची चाचणी नुसती हिंदीत घेतली तर घरात आयुष्यभर मराठी बोललेल्या आजी आहेत त्यापेक्षा कमकुवत दिसतात. मराठीत घ्या म्हणून सांगायला संकोच करू नये.

बुधवार

मला सगळ्यात भरवशाची तपासणी वाटते ती इंदुरी पोह्यांची. रोजचा पदार्थ, हात सरावलेला, म्हणून जिथे चुकतं तिथे नेमकं काय बिघडलंय ते दिसतं.

पोहे धुऊन निथळत ठेवले आणि विसरले, लगदा झाला: थोड्या वेळाने करायची गोष्ट ध्यानात राहत नाही. याला आठवणीचा सराव पुरत नाही, टायमर लागतो, आणि तो मोबाइलमध्ये नको, ओट्यावर डोळ्यांसमोर हवा. कांदा चिरता चिरता मोहरी-बडीशेप जळली: दोन कामांवर एकदम लक्ष ठेवता येत नाही. मग कांदा, मिरची, कोथिंबीर सगळं आधी चिरून वाट्यांत, हळद-मीठ-साखर मोजून बाजूला, आणि त्यानंतरच गॅस. मीठ दोनदा पडलं: केलेलं काम ‘झालं’ म्हणून नोंदलं जात नाही. मीठ घातलं की ती रिकामी वाटी उलटी ठेवायची. परातीतले डावीकडचे पोहे तसेच राहिले, शेव नि जीरावन (वरून भुरभुरायचा मसाला) फक्त उजव्या बाजूला पडलं, तर मेंदूच्या उजव्या भागाच्या मागच्या बाजूची शंका घ्यावी. परातीच्या डाव्या काठाला लाल चिकटपट्टी लावून ‘आधी पट्टी शोधा, मग वाढा’ असं सांगावं. दिसण्याचा भागच कमी झालाय का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून वेगळं तपासून घ्यावं.

आणि सगळी तयारी ओट्यावर मांडलेली असताना माणूस नुसता उभा राहिला तर? ‘अहो, गॅस लावा’ एवढं एकदाच म्हणायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. घरच्यांकडून इथे घाई होते. दुसऱ्या सेकंदाला सूचना बदलते, तिसऱ्याला सून स्वतःच काडी ओढते. मेंदू सावकाश चालतो आहे. सूचना बदलली की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

ज्यांना फिट येतात त्यांनी हे एकट्याने करायचं नाही. ज्योतीपेक्षा इंडक्शन बरा, पोह्यांखाली वाफेला ठेवलेलं उकळतं पातेलं दुसऱ्याने उचलायचं, आणि गाडी डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय नाही, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा.

शनिवार

चिडचिड वाढली की ‘स्वभाव बदलला’ असं म्हणण्याआधी औषधांचा कागद पाहावा. फिटसाठीचं लेव्हेटिरॅसिटॅम काहींना फार चिडखोर करतं, टोपिरामेटने शब्द सापडेनासे होतात, मेंदूची सूज उतरवणारं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड झोप उडवतं. यातलं काहीही आपण होऊन बंद करायचं नाही. फिटचं औषध एकदम थांबवलं तर फिट येते, आणि स्टिरॉइड हळूहळूच उतरवावं लागतं. पिट्युटरीच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीच्या, आसपास शेक दिला असेल तर थायरॉइड आणि बाकीचे हार्मोन काही वर्षांनंतरही घसरू शकतात. मंदपणा, थंडी वाजणं, न जाणारा थकवा असेल तर ते तपासा.

थकव्याबद्दल घरच्यांशी पुन्हा पुन्हा बोलावं लागतं. थकल्यावर झोपवायचं नसतं, थकायच्या आधी थांबवायचं असतं. बँकेचं काम, हिशेब, सियागंज बाजारातली खरेदी सकाळी. दुपारी अर्धा तास आडवं. लग्नकार्यात तासाभराने बाजूच्या खोलीत. गोंगाटात ऐकणं हेच मेंदूला मोठं काम असतं.

लक्ष आणि आठवणीचा सराव कामी येतो का? नेदरलँड्समध्ये ग्लायोमाच्या (मेंदूतल्या गाठीचा एक प्रकार) १४० रुग्णांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. काही आठवड्यांचं प्रशिक्षण संपल्याबरोबर चाचण्यांत फरक दिसला नव्हता. सहा महिन्यांनी लक्ष आणि शब्दांची आठवण सुधारलेली आढळली, मानसिक थकवाही कमी होता. म्हणून ‘महिना झाला, काही उपयोग नाही’ म्हणत कोणी वही टाकून दिली की जीव तुटतो. वहीही एकच हवी: डाव्या पानावर आज करायचं, उजव्या पानावर झालेलं, वेळेसकट. तीन वह्या झाल्या की तिन्ही हरवतात.

मुलांचं वेगळं. शेक घेतलेलं मूल बहुधा आलेलं विसरत नाही. नवीन शिकण्याचा वेग कमी असतो, म्हणून वर्गाशी अंतर पाचवी-सहावीत उघडं पडतं. शाळेला गुणपत्रिका बिघडण्याची वाट न पाहता वर्षाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांच्या पत्रासह लेखी अर्ज द्यावा: पेपरला जादा वेळ, पहिल्या बाकावर जागा, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील टिपणं, आणि दोन पेपरांच्या मध्ये एक दिवस मोकळा.