गाळणी

मंगळवार, संध्याकाळ

गाळणी. गाळणी. गाळणी.

तीनदा लिहून ठेवलं. आता जाते कुठे बघू.

झालं एवढंच की सकाळी ओट्याशी उभी होते, पकडीत गरम पातेलं, आणि मान वळवून सईला म्हणाले, "ते दे गं... ते... ज्यातनं गाळतात ते." वस्तू डोळ्यांसमोर होती. वाकलेली दांडी, एका बाजूने उसवलेली जाळी, सगळं दिसत होतं. फक्त नाव नव्हतं. नावाच्या जागी रिकामी खुंटी.

सई म्हणाली, "गाळणी," आणि हातात दिली. शांतपणे. नर्स देते तशी.

हसली नाही.

यात डोळे भरून येण्यासारखं काय आहे? पण दिवसभर तेच डोक्यात. मागे एकदा मी फ्रिजला 'थंड कपाट' म्हणाले होते, तर महिनाभर घरात फ्रिज हा शब्दच बंद झाला होता. तेव्हा मी चिडायचे. आज वाटलं, हस की गं बये, एकदा तरी हस. हसली नाही म्हणजे घरात माझ्यामागे काहीतरी बोलणं झालंय. आईला हसायचं नाही, असं ठरलंय. यांनीच सांगितलं असणार. विचारायला हवं. नको, आज नको.

कोविडनंतरच्या या विसरण्याला 'ब्रेन फॉग' म्हणतात. धुकं. मला तो शब्द पटत नाही. धुक्यात सगळंच पुसट होतं. माझं सगळं लख्ख असतं, आणि चालता चालता जिन्याची एकच पायरी नसते.

एमआरआय नॉर्मल आला होता. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरून दाखवली, छान आहे म्हणाले. कुणासारखा नॉर्मल? माझ्याच आधीच्या मेंदूसारखा का? तो फोटो कुणाकडे आहे?

ऑक्सफर्डवाल्यांकडे तसे फोटो होते. म्हणून तर तो २०२२ चा अभ्यास मी इतक्यांदा वाचला. यूके बायोबँक, म्हणजे ब्रिटनमधल्या लोकांच्या आरोग्य-नोंदींचा मोठा साठा. त्यातली ७८५ माणसं, वय ५१ ते ८१. साथीच्या आधीच त्यांच्या मेंदूचं स्कॅन झालेलं. मग दुसरं स्कॅन, आणि मधल्या काळात त्यांतल्या ४०१ जणांना कोविड होऊन गेलेला, बहुतेकांना सौम्यच. वासाशी जोडलेल्या भागांत त्यांचं नुकसान इतरांपेक्षा जास्त. किती? ०.२ ते २ टक्के. एवढ्यासाठी मी माझ्या फिल्ममध्ये काय शोधणार? आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवलं तरच दिसणारी गोष्ट ती, आणि माझ्याकडे फक्त नंतरचं आहे.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने लाखाहून जास्त लोकांना ऑनलाइन चाचण्या सोडवायला लावल्या. २०२४ मध्ये निकाल आला. कोविड होऊन बरे झालेल्यांत, न झालेल्यांच्या तुलनेत, बुद्ध्यंकाच्या मापात ३ गुणांएवढी घट. लक्षणं रेंगाळलेल्यांत ६. आयसीयूत राहून आलेल्यांत ९. मी मधल्या रांगेतली. सहा गुण म्हणजे किती असतात? एका गाळणीएवढे?

वहिनी म्हणतात, चार दिवस ताप आला होता, त्याचं अजून काय घेऊन बसलीस. बरोबरच आहे. ऑक्सिजन लागला नाही, घरातच होते. पण विषाणू मेंदूत पोचलाच पाहिजे असं नसतंच मुळी. उंदरांना नुसता श्वासमार्गाचा सौम्य संसर्ग झाला, तरी मेंदूतल्या राखणदार पेशी, मायक्रोग्लिया, चवताळलेल्या सापडल्या. आठवणींच्या भागात नव्या पेशी तयार होणं मंदावलेलं, तंतूंवरचं आवरण विरळ झालेलं. चोर फाटकाबाहेरच होता आणि राखणदाराने आपल्याच बागेत काठी फिरवली.

माझा वास गेला, त्याचंही तसंच. वासाच्या मज्जापेशींना विषाणू प्रामुख्याने धरत नाही, त्यांना टेकू देणाऱ्या शेजारच्या पेशींना धरतो. टेकू गेला की खांब नुसता उभा राहून काय करणार. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा केवढं हायसं वाटून झोपले होते. आज मात्र सईने शब्द हातात दिला तेव्हा टेकू हाच शब्द टोचला.

पुरावा हवा म्हणून २०१९ ची वही काढली. माझं आधीचं स्कॅन. मार्चातली नोंद: 'मीटिंगमध्ये त्या माणसाचं नावच आठवेना, समोर बसला होता. वय झालं आता.'

वय झालं! त्रेचाळीसची होते. पुढच्याच पानावर चष्मा हरवलाय, आणि तो डोक्यावर सापडलाय.

म्हणजे मी आधीपासूनच अशी? रागच आला. चार वर्षं ज्या हुशार बाईचं सुतक पाळतेय, ती बाई चष्मा डोक्यावर ठेवून घरभर फिरत होती.

पण तिची वाक्यं. अर्ध्या पानाचं एक वाक्य, त्यात तीन माणसं, दोन भांडणं, आणि शेवटी क्रियापद नेमकं आपल्या जागी. हल्ली मी चार-चार शब्दांची लिहिते. क्रियापदापर्यंत पोचताना कर्ता वाटेत सुटेल अशी भीती वाटते. हे कुठल्या फिल्मवर येतं?

त्याच रात्री, पावणेबारा

एक लिहायचं राहिलं.

जेवणानंतर वासाच्या बाटल्या घेऊन बसले. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टर थॉमस हुमेलांनी २००९ मध्येच, कोविडच्या कितीतरी आधी, वास गेलेल्यांकडून हा वासाचा रियाज करून घेऊन पाहिला होता. सकाळ-संध्याकाळ हुंगायचं, बारा आठवडे. माझे बारा आठवडे कधीच संपले, सवय उरली. लिंबू आता येतं, गुलाब अधूनमधून, लवंग म्हणजे बरेच दिवस नुसता जळका रबर.

सई म्हणाली, डोळे मीट, मी देते. नाकाखाली बाटली आली. मी मन लावून श्वास घेतला. आला! अगदी खोलवरून, घशाशी कोमट लागणारा.

"लवंग."

"नक्की?"

"नक्की. जरा जुनी झालीये, पण लवंगच."

काहीच आवाज नाही. डोळे उघडले. बाटली रिकामी होती. नुकतीच धुतलेली, आत दोन थेंब पाणी.

सई ओट्याला धरून खाली बसली. "जुनी झालीये!" म्हणाली, आणि पुढे बोलताच येईना, हसता हसता उचकी लागली. हे आतून विचारतायत काय झालं, काय झालं, आणि ती हुंदके दिल्यासारखी हसतेय.

उद्या सकाळी मावशीला फोन करून सांगणार आहे म्हणे. वहिनींनापण.