शांघायच्या धक्क्याला साडेपाच तास उशिरा

यांगत्से नदीच्या मुखावर वसंतात धुकं कधी उतरेल याचा नेम नसतो. समुद्राचं पाणी अजून गार असतं, दक्षिणेकडून येणारी हवा उबदार आणि दमट असते. ती त्या पाण्यावर सरकली की रात्रीतून दाट थर बसतो. एप्रिलमधल्या त्या शुक्रवारी आमचं जहाज सकाळी 7 वाजता शांघायच्या वुसोंगकोऊ टर्मिनलला लागायचं होतं. पहाटे दोनला वाहतूक नियंत्रण कक्षाने जलमार्ग बंद केला आणि आम्ही मुखाबाहेर नांगर टाकून थांबलो. आठच्या सुमारास मार्ग उघडला. प्रवासी जहाजांना आधी सोडतात, त्यामुळे पायलट, म्हणजे जहाजाला नदीतून वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, लवकर मिळाला, पण मुखापासून धक्क्यापर्यंतचं अंतर काही कमी होत नाही. दोर बांधले गेले तेव्हा 12.30 वाजले होते.

मी जहाजाच्या किनारा-सहल विभागात काम करते. बंदर आलं की प्रवाशांना बसमध्ये बसवून शहरात पाठवायचं आणि वेळेत परत आणायचं, हे आमचं काम. जहाजावर 2,400 प्रवासी होते आणि त्यातले सुमारे 1,900 उतरणार होते. सहल कोणतीही असो, अशा दिवशी हिशेब शेवटाकडून मागे मांडावा लागतो.

कॅप्टननी सुटण्याची वेळ संध्याकाळी 7 वरून रात्री 9 केली. त्याहून पुढे नेणं शक्य नव्हतं. रात्रभर अडकलेल्या सगळ्या जहाजांना तोच जलमार्ग हवा होता, बाहेर जाण्याच्या पायलटची वेळ ठरलेली होती आणि दुसऱ्या दिवशी दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरचा धक्का राखून ठेवलेला होता. 9 ला सुटायचं तर 8 ला सगळे जहाजावर हवेत. परतताना टर्मिनलमध्ये सामान एक्स-रेतून जातं, पासपोर्टवर चीनमधून बाहेर पडल्याचा शिक्का बसतो आणि शेवटच्या तासात सगळे एकदमच येतात, म्हणून तिथे 45 मिनिटं धरायची. म्हणजे शेवटची बस 7.15 ला टर्मिनलच्या दारात हवी. शुक्रवारी संध्याकाळी शहरातून उत्तरेकडे येणाऱ्या यीशियान उड्डाणमार्गावर गाड्या तुंबतात. एरवीच्या 50 मिनिटांच्या जागी सव्वा तास धरला, तर बसने शहर 6 वाजता सोडलं पाहिजे.

आता पुढच्या बाजूने बघू. जहाज लागल्यावर बंदर अधिकाऱ्यांची कागदपत्रं पूर्ण व्हायला पाऊण तास लागतो. मग एकेका प्रवाशाची समोरासमोर तपासणी होते: पासपोर्ट, फोटो, बोटांचे ठसे. माणशी एक मिनिट आणि वीस खिडक्या उघड्या धरल्या, तरी 1,900 माणसांना दीड तासाहून जास्त वेळ लागतो. पहिली बस 2 ला सुटणार होती, शेवटची 3.10 ला. शहरात पोचायला तासभर. पहिल्या बसच्या वाट्याला तीन तास आले, शेवटच्या बसला दोन तासही नाहीत.

टर्मिनल शहरापासून इतकं लांब का, हा प्रश्न प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच. शहराच्या आत, वायटान या नदीकाठच्या जुन्या रस्त्याजवळ, होंगकोऊ भागात दुसरं क्रूझ टर्मिनल आहे. पण तिथे जायचं तर हुआंगपू नदीवरच्या यांगपू पुलाखालून जावं लागतं. 1993 साली उघडलेल्या या पुलाखाली 48 मीटरची मोकळीक आहे आणि आजची मोठी क्रूझ जहाजं पाण्यावर त्याहून उंच असतात. म्हणून मोठ्या जहाजांसाठी हुआंगपू जिथे यांगत्सेला मिळते तिथे, वायटानपासून साधारण 25 किलोमीटरवर, वुसोंगकोऊचं टर्मिनल 2011 मध्ये सुरू झालं. या दोन टर्मिनलांमुळे होणारा घोटाळा पुढे येईलच.

आमच्या चार सहली ठरलेल्या होत्या. जूजियाजियाव हे कालव्यांचं जुनं गाव शहराच्या पश्चिमेला पार टोकाला आहे, जाऊन-येऊनच साडेतीन तास जातात, म्हणून ती सहल सरळ रद्द. मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकाच्या जोरावर अधांतरी धावणाऱ्या वेगवान गाडीची सहलही रद्द. तिचं लोंगयांग रोड स्थानक नदीपलीकडे पूडोंगमध्ये आहे आणि संध्याकाळच्या गर्दीत तिथून परतणं भरवशाचं नाही. 632 मीटर उंच शांघाय टॉवरच्या 118व्या मजल्यावरची सहल वेळेत बसत होती, पण स्थानिक एजंटाने फोनवर सांगितलं की इमारतीचा वरचा भाग ढगात आहे. वर जाऊन पांढरी काच बघण्यासाठी लोकांचे पैसे घेणं मला मान्य नव्हतं. उरली युयुआन बाग आणि वायटान. 1559 मध्ये बांधायला घेतलेली मिंग राजवटीच्या काळातली ही बाग साडेचारला बंद होते आणि 4 नंतर आत सोडत नाहीत. पहिल्या दोन-तीन बस कशाबशा पोचल्या असत्या, बाकीच्या दारातून परतल्या असत्या. म्हणून सगळ्या बस वायटानला नेऊन तिथे पायी फिरवायचं ठरलं. अशा वेळी तीन ठिकाणं धावत दाखवण्यापेक्षा एक ठिकाण नीट दाखवावं, असं माझं ठाम मत आहे.

खरी अडचण कागदांची होती. 15 मे 2024 पासून चीनने क्रूझने येणाऱ्या परदेशी गटांना किनाऱ्यावरच्या 13 बंदरांत व्हिसाशिवाय उतरायची सोय दिली आहे. शांघाय, त्यानजिन, छिंगदाव, शियामेन, सान्या ही त्यातली काही. भारतीय पासपोर्टवाल्यांना ही सोय फार उपयोगाची आहे, कारण अनेक देशांच्या लोकांना चीनमध्ये जो वैयक्तिक व्हिसामाफीचा लाभ मिळतो, तो भारतीयांना नाही. पण या सोयीला अटी आहेत. गट चिनी पर्यटन कंपनीने आखलेला हवा, गटात किमान दोन माणसं हवीत आणि ज्या जहाजाने आलात त्याच जहाजाने पुढे जायचं. म्हणजे या प्रवाशांना सहल नको असली तरी एकट्याने टॅक्सी करून भटकता येत नाही.

आमच्याकडे मुंबई, पुणे, नाशिकची 42 माणसं जूजियाजियावच्या यादीवर होती. सहल रद्द झाली म्हणून त्यांना मोकळं सोडता येत नव्हतं आणि त्यांचं उतरणंही रद्द करायचं नव्हतं. जहाज नांगरावर होतं तेव्हाच एजंटाला कळवून त्याच कंपनीच्या वायटान गटात त्यांची नोंद बदलून घेतली आणि सुधारित यादी सीमा तपासणी कार्यालयाकडे गेली. एका जोडप्याने खासगी गाडी घेतली होती, म्हणजे त्यांचा गटच दोघांचा. नवऱ्याला रात्रभर उलट्या झाल्या, तो खोलीतच थांबणार होता. उरलेल्या एका माणसाचा गट होत नाही! बाईंचं नाव बेचाळिसांच्या यादीत घालायला लावलं. हे धक्क्याला लागल्यावर केलं असतं तर सगळी रांग त्यांच्यासाठी अडली असती. उतरताना मी सगळ्यांना यादीतल्या क्रमानेच उभं केलं. खिडकीतला अधिकारी यादी वरून खाली बघत जातो आणि मधे एक नाव चुकलं की मागचे सगळे थांबतात.

सकाळचे रिकामे तास थिएटरमध्ये माहिती द्यायला वापरले. पैशांबद्दल सांगायचं तेच सांगितलं. शांघायमध्ये नोटा चालतात, पण दुकानदाराकडे सुटे नसतात, सगळे फोनवरून पैसे देतात. अलीपे किंवा वीचॅटला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. रुपे कार्डावर विसंबू नये. भारतीय कार्डाला परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नवीन कार्डावर तो मुळात बंदच असतो आणि दुकानात उभं राहिल्यावर हे लक्षात येतं. कार्ड जोडताना ओटीपी लागतो, म्हणून भारतातलं सिम चालू हवं. 200 युआनपर्यंतच्या खर्चावर जादा आकार नाही, त्यावर 3 टक्के. मोठी खरेदी असेल तर हे लक्षात ठेवावं.

व्हॉट्सॲप आणि गूगल तिथल्या वायफायवर उघडत नाहीत. भारतीय सिमचं रोमिंग घेतलं असेल तर चालतात, कारण तो डेटा आपल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरून येतो. गूगलचा नकाशा चीनमध्ये जागा सरकवून दाखवतो, रस्ता शोधायला तो वापरू नये. सोबत मूळ पासपोर्ट हवाच, झेरॉक्स चालत नाही. जहाजावरची फळं, मांस, दुधाचे पदार्थ खाली न्यायचे नाहीत, कस्टमवाले काढून घेतात. जेवण 11.30 लाच वाढायला सांगितलं होतं, त्यामुळे शहरातल्या जेवणाचा वेळ वाचला.

तरी खाण्याचा प्रश्न येतोच. पावासारखे वाफवलेले किंवा तव्यावर भाजलेले गोळे दिसतात त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. गोड बिस्किटांसारख्या खुसखुशीत पदार्थांतही डुकराची चरबी वापरतात, वरून कळत नाही. मश्रूम आणि पालेभाजीचं सारण भरलेले गोळे मिळतात, गाइडला विचारून ते घ्यावेत. नानजिंग रस्त्याच्या पश्चिम भागात 1922 पासून चालू असलेलं कुंगतेलिन हे बौद्ध शाकाहारी उपाहारगृह आहे. बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य असल्याने आमच्या जैन प्रवाशांना ते बरंच सोयीचं पडतं, मात्र मश्रूम आणि कंदमुळं असतात, ती विचारून टाळावी लागतात. वायटानपासून तिथे चालत अर्धा तास लागतो, म्हणून त्या दिवशी फक्त पहिल्या दोन बसमधल्यांना पाठवलं.

वायटानच्या मुख्य रस्त्यावर बस उभी राहू देत नाहीत. मागच्या गल्लीत उतरून चालावं लागतं, तेही झेंडा धरलेल्या गाइडच्या मागे. नदीकाठचा फिरण्याचा पट्टा पूररोधक भिंतीवर उचलून बांधलेला आहे, चढायला पायऱ्या आहेत. चाकाच्या खुर्चीसाठी उतार ठरावीक ठिकाणीच आहेत, ते गाइडला आधी विचारून घ्यावेत. 31 डिसेंबर 2014 च्या रात्री याच काठावरच्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरीत 36 माणसं गेली. तेव्हापासून गर्दी वाढली की पोलीस रांगा करून एकाच दिशेने सोडतात. आलेल्या वाटेने परत जाता येईल हे गृहीत धरू नये, म्हणून भेटण्याची जागा काठावर न ठेवता नानजिंग रस्त्याच्या तोंडाशी ठेवली.

धुकं विरल्यावर दगडी इमारती ओलसर राखी दिसत होत्या. 1923 ची हाँगकाँग-शांघाय बँक, 1927 चं घड्याळाचं कस्टम हाऊस आणि हिरव्या टोकदार छपराचं पीस हॉटेल. हे हॉटेल 1929 मध्ये व्हिक्टर ससूनने बांधलं, असं गाइड सांगत होती तेव्हा पुण्याच्या एका आजोबांनी मला थांबवलं. "अहो ताई, ससून म्हणजे आपल्या ससून हॉस्पिटलचेच का?" तेच घराणं. बगदादहून मुंबईत येऊन बसलेल्या डेव्हिड ससूनचा व्हिक्टर हा पणतू. डेव्हिडच्या देणगीतून पुण्याचं रुग्णालय झालं. मुंबईचा ससून डॉक 1875 चा. याच घराण्याने मुंबईहून चीनला अफू पाठवून संपत्ती केली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात व्हिक्टरने मुंबईतल्या गिरण्यांमधला पैसा काढून शांघायच्या जमिनींत घातला. मराठी प्रवाशांना या हॉटेलसमोर उभं करून हे सांगितलंच पाहिजे, आणि अफूचा भाग गाळून सांगू नये. त्या देखण्या दर्शनी भिंतीमागे कुणाचं काय गेलं, हे आजोबांनी नीट ऐकून घेतलं आणि मग बराच वेळ इमारतीकडे बघत राहिले.

उरलेल्या वेळात काहींना 2 युआनच्या साध्या फेरीने नदीपार करून आणलं. पर्यटकांच्या महागड्या बोटीपेक्षा ती मला जास्त आवडते: दहा मिनिटांत दोन्ही काठ दिसतात आणि रांग कमी. दिवे लागायच्या आत निघावं लागलं, त्याला इलाज नव्हता.

6 ला बस सुटल्या. 7.05 ते 7.20 मध्ये सगळ्या पोचल्या, मोजणी जुळली. स्वतंत्र फिरायला गेलेल्यांपैकी एक ऑस्ट्रेलियन जोडपं मात्र 7 वाजता फोनवर होतं: "आम्ही टर्मिनलला आहोत, पण जहाज दिसत नाही." टॅक्सीवाल्याला त्यांनी नुसतं क्रूझ टर्मिनल असं सांगितलं आणि त्याने होंगकोऊच्या टर्मिनलला सोडलं. या शहरात हे वरचेवर होतं. मेट्रोने येणं त्या वेळी वेळेत बसत नव्हतं. मार्ग 3 ने उत्तरेकडे बावयांग रोड स्थानकापर्यंत यायचं, पुढे परत टॅक्सी. शिवाय त्या मार्गावरच्या काही गाड्या छांगजियांग साऊथ रोडलाच संपतात, पाटीवर जियांगयांग नॉर्थ रोड बघूनच चढावं लागतं. मी एजंटाच्या माणसाला टॅक्सीवाल्याशी फोनवर बोलायला लावलं, त्याने वुसोंगकोऊचा पत्ता त्याच्या फोनवर पाठवला. ते दोघं 7.52 ला टर्मिनलमध्ये शिरले. त्यांच्याकडे खिडकीवर शिक्का मारून घेण्यापुरता वेळ होता.

रात्री हिशेब केला. जूजियाजियाव, मॅग्लेव्ह आणि टॉवरचे पैसे पूर्ण परत, बागेच्या सहलीतले प्रवेश आणि जेवणाचे परत. रद्द सहलींवरून वायटानला आलेल्यांकडून फक्त बसचं भाडं घेतलं. प्रवाशांनी किनाऱ्यावर सोबत न्यायच्या कार्डावर आतापर्यंत फक्त आमच्या टर्मिनलचं चिनी नाव छापलेलं असायचं. पुढच्या फेरीच्या कार्डावर दोन्ही टर्मिनलांची नावं घातली, होंगकोऊच्या नावावर लाल फुली मारून.